घरचा अर्ज शेवटी

माझ्या थोरल्या साडूंइतका सरकारी माणूस खुद्द सरकारातसुद्धा नसेल. सरकार कधी पडतं, कधी बदलतं, कधी तडजोड करतं. साडूंनी यातलं काहीही केल्याचं आमच्या नात्यागोत्यात कुणाच्या ऐकिवात नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. आमच्या या पट्ट्यातल्या एका सार्वजनिक कचेरीत जन्ममृत्यूच्या नोंदीच्या खिडकीमागे ते एकतीस वर्षं बसले. कुठली कचेरी ते सांगत नाही. सांगितलं तर "कोणाच्या परवानगीनं लिहिलंत?" असं ते मला लेखी विचारतील, आणि मी पडलो रंगाच्या कारखान्यातला स्टोअरकीपर, मला डबे मोजता येतात, खुलासे लिहिता येत नाहीत.

कात्रपला त्यांचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे. तिथे कचेरी संपते आणि घर सुरू होतं असं पाहुण्यांना वाटतं, आमच्या मेहुणीला तसं कधीच वाटलेलं नाही. "तोंडी सूचनेला आधार नसतो" हे साडूंचं आवडतं वाक्य. एकदा तिनं तीन दिवस ओळीनं सांगितलं की गॅस संपत आलाय. चौथ्या दिवशी तो संपला. तेव्हा तिनं पोराच्या जुन्या खडूनं स्वयंपाकघराच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'गॅस संपला. आज पोहे नाहीत. उद्याही नाहीत.' साडू आंघोळ करून आले, त्यांनी शांतपणे वाचलं, खाली 'पाहिले' असं लिहून सही केली, तारीख घातली आणि मगच सिलिंडरवाल्याला फोन लावला. मेहुणीनं ते दार पुढे दोन वर्षं रंगवू दिलं नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला ती ते दाखवायची, लोक तीर्थक्षेत्रातलं पाऊल दाखवतात तसं.

त्यांच्याबरोबर बाजारात जाणं हा एक वेगळाच योग. पडद्याचं कापड घ्यायला मी त्यांना हौसेनं उल्हासनगरला घेऊन गेलो, कारण तिथे आपली ओळख आहे असा माझा एक जुना गैरसमज आहे. पहिल्याच दुकानात कापड पसंत पडलं, भाव पटला, मी पिशवी उघडली, आणि साडू म्हणाले, "आता आणखी दोन दुकानांची दरपत्रकं घेऊ." तीन दरांशिवाय तुलना होत नाही आणि तुलनेशिवाय खरेदी नियमात बसत नाही. दोन तास फिरून आम्ही पुन्हा पहिल्याच दुकानात आलो तेव्हा तिथले सिंधी शेठ गल्ल्यावरून वाकून म्हणाले, "साईं, पर्दा लेना है कि टेंडर निकालना है?" साडूंना यात विनोद दिसला नाही. "दोन्हीला पद्धत एकच," ते म्हणाले. शेठना हा माणूस इतका आवडला की त्यांनी आम्हाला बसवून घेतलं, चहा मागवला आणि छापील कागदावर दर लिहून, शिक्का मारून दिला. तो कागद साडूंनी जपून ठेवलाय. पडदे मात्र विटून गेले.

पण साडू खरे कळायचे तर त्यांच्या कचेरीतच पाहायला हवेत. प्रत्येक कचेरीची एक रीत असते. ती कुठल्याही परिपत्रकात नसते, नव्या माणसाला ती कुणी शिकवत नाही, आणि तरी महिन्याभरात तो ती शिकतो. तिथे एका खुर्चीच्या पाठीवर बारा महिने एक तपकिरी स्वेटर असतो. आमच्याकडे थंडी पडते जेमतेम आठवडाभर, पण स्वेटर वैशाखातही असतो. मी एकदा शिपायाला विचारलं, "या टेबलावरचे साहेब आलेत का?" तो म्हणाला, "आलेत ना. स्वेटर आहे की!" म्हणजे माणूस हजर आहे, फक्त जागेवर नाही. अशा वातावरणात साडू रोज पावणेदहाला पाच मिनिटं कमी असताना येत. त्याला कुणी शिस्त म्हणत नसे. एखाद्याला दम्याचा त्रास असावा तसं सगळे त्याकडे सहानुभूतीनं बघत. "काकांना सवयच आहे हो," एवढंच म्हणत.

या सवयींतली सगळ्यात अवघड सवय म्हणजे हालचाल नोंदवही. जागेवरून उठताना कुठे, कशासाठी, किती वाजता गेलो आणि कधी परत आलो हे त्या वहीत लिहावं असा फार जुना नियम होता. वही दाराजवळच्या टेबलावर सुतळीनं बांधलेली होती. बावीस माणसांच्या त्या कचेरीत ती फक्त साडूंच्या अक्षरानं भरत असे. मी स्वतः वाचलीय. 'सकाळी ११.१०, लघुशंका, परत ११.१४.' 'दुपारी २.०५, हात धुणे, परत २.०७.' 'दुपारी ४.०५, खिडकीबाहेर, एका आजोबांचा चष्मा शोधणे, परत ४.२२, चष्मा कपाळावर सापडला.' मी हसलो तर म्हणाले, "हसताय काय, साडूभाऊ? सतरा मिनिटं गेली. ती कुठे गेली हे कुणाला तरी माहीत हवं की नको?"

त्यांचा दुसरा नियम आम्हा नातेवाइकांच्या मुळावर आला होता. घरचा अर्ज शेवटी. मुदत काय असेल ती असो, ओळखीच्या माणसाचा कागद त्या दिवशीच्या सगळ्या अनोळखी माणसांच्या कागदांच्या खाली जायचा. त्यामुळे 'आपला माणूस आत आहे' म्हणून जिथे इतरांची कामं पाच मिनिटांत होतात तिथे आमची दोन दिवस रखडत. माझ्या चुलत भावानं तर शेवटी साडूंच्या रजेचा दिवस बघून अर्ज दिला होता.

हे सगळं आम्ही जेवणानंतर सांगून हसण्यापुरतं ठीक होतं. मग गेल्या वर्षी आमच्या चिऊची जिल्ह्याच्या खो-खो संघासाठी निवड झाली.

चिऊ माझी मुलगी, वय चौदाच्या आत, आणि हा 'आत' फार महत्त्वाचा होता. वयाचा पुरावा म्हणून जन्मदाखला शुक्रवारी दुपारी बारापर्यंत शाळेत क्रीडाशिक्षकांच्या हातात पडला नाही तर तिच्या जागी दुसरी मुलगी जाणार होती. दाखला होता घरात. रविवारी संध्याकाळी मी कपाटातून काढला आणि पहिल्यांदाच नीट वाचला. आईचं नाव होतं, माझं होतं, तारीख होती, वजनसुद्धा असतं तर बरं वाटलं असतं. मुलीच्या नावाची जागा कोरी होती.

"पप्पा, मी कोण आहे मग?" चिऊनं विचारलं. तिची आई म्हणाली, "पप्पांना विचार. त्यांनीच आणलाय तो."

कोरी का होती हे मला आठवायला वेळ लागला नाही. नामकरणाच्या दिवशी वंदना झाली, पाळणा हलला आणि माझी आई व माझी बहीण यांच्यात जुंपली. आईला 'सुजाता' हवं होतं. भगवंतांना खीर देणारी सुजाता, याहून मोठं नाव कोणतं? बहिणीनं 'तेजस्विनी' ठरवून आणलं होतं, आणि नाव ठेवायचा मान आत्याचा. संध्याकाळपर्यंत निकाल लागला नाही. जन्माच्या नोंदीचा कागद साडूंच्याच हातातून जाणार होता, त्यांनी मला विचारलं, "काय लिहू?" मी म्हणालो, "आत्ता नको. मिटलं की कळवतो." पुढे आईनं वाद जिंकला, शाळेत मी 'सुजाता' घातलं, घरात ती चिऊ झाली, आत्या अजून तिला तेजस्विनी म्हणते, आणि साडूंना कळवायचं राहून गेलं.

सोमवारी मी अर्धी रजा टाकली आणि आम्ही दोघं कचेरीत गेलो. निमानं, म्हणजे आमच्या हिनं, दाजींसाठी कोथिंबीरवड्यांचा डबा घेतला होता. कचेरीत नवे साहेब आले होते, तरुण, नुकतेच कसलंसं प्रशिक्षण घेऊन. भिंतीवर मोठा फलक होता, 'नागरिक हाच आमच्या कार्यसंस्कृतीचा केंद्रबिंदू'. त्याखाली केंद्रबिंदू एका अरुंद बाकड्यावर दाटीवाटीनं बसले होते. दाराशी टोकन देणारं नवं यंत्र होतं. निमा त्याच्याकडे न बघता सरळ खिडकीशी गेली.

"जय भीम दाजी. चिऊचं फक्त नाव लावायचंय. दोन अक्षरं."

"जय भीम. तीन आहेत, निमा. सु, जा, ता. टोकन घे."

"आणि ह्या वड्या..."

"खिडकीतून वस्तू घेत नाही मी. संध्याकाळी घरी आणून दे."

तासाभरानं आमचा नंबर आला. साडूंनी कागद पाहिले, शाळेचं पत्र पाहिलं, आणि म्हणाले, "नोंदीत दोन नावांचा वाद आहे. आत्याची हरकत नसल्याचं पत्र लागेल."

"अहो, तेरा वर्षं झाली!" मी म्हणालो. "इतकी वर्षं तुम्ही तरी का नाही लावलं? तुम्हाला तर माहीत होतं ना तिचं नाव!"

"मला माहीत असणं वेगळं. तुम्ही म्हणालात, कळवतो. मला लेखी कुणी कळवलं?" आणि मग जरा दुखावून म्हणाले, "दोन स्मरणपत्रं पाठवली होती टपालानं."

ती मला मिळाली होती. मला वाटलं होतं, साडूंना विनोद सुचलाय. एकाच्या पाठीवर मी वाण्याची यादी केली होती.

त्या संध्याकाळी मी उल्हासनगरला, चार नंबर कॅम्पात बहिणीकडे गेलो. "आत्ता विचारताय होय मला?" ती म्हणाली. "पाळण्यातली पोर खो-खो खेळायला लागली तेव्हा आत्याची सही आठवली?" शेवटी भाचीसाठी तिनं लिहून दिलं, 'सुजाता या नावास माझी हरकत नाही. पण नाराजी आहे.' मंगळवारी सकाळी साडूंनी ते वाचलं, मान हलवली आणि समासात लिहिलं, 'नाराजीची नोंद घेतली.' कागद ढिगाच्या तळाशी गेला. "आज चारपर्यंत होईल," ते म्हणाले. मी कारखान्यात जाऊन चिऊला फोन केला की बॅग भर.

पावणेचारला नव्या साहेबांनी हालचाल नोंदवही मागवली.

साहेबांचा हेतू चांगला होता. जागेवर न सापडणारी माणसं हुडकायची होती त्यांना. त्यांनी मागच्या तीन महिन्यांची पानं चाळली आणि त्यांना दिसलं की एकवीस कर्मचारी या तीन महिन्यांत आपल्या खुर्चीवरून एकदाही उठलेले नाहीत, आणि एकच इसम दिवसातून सहा सहा वेळा उठतो, कधी कधी तर परक्याचा चष्मा शोधत फिरतो. चार वाजता साडूंच्या हातात कारणे दाखवा नोटीस पडली. खिडकीचं काम काढून त्यांना मागच्या अभिलेख कक्षात बसवलं. टेबल मिळालं स्वेटरवाल्यांना. साडूंनी नियमाप्रमाणे कार्यभार सोपवला, प्रलंबित कागदांची यादी करून. यादीत एकच नोंद होती. आमची.

बुधवारी मी पहिली पाळी संपवून साडेतीनला खिडकीशी गेलो. स्वेटर होता. पावणेपाचला त्याचा मालक आला आणि अगदी प्रेमानं म्हणाला, "उद्या या." घरी चिऊनं बॅगेतले बूट काढून पुन्हा मोरीजवळ ठेवले होते. निमा मला घेऊन थेट बहिणीच्या घरी गेली आणि तिथेच बोलली. "दाजी, तुमच्या त्या नियमापायी माझ्या पोरीची जागा जाणार. एकदा, फक्त एकदा त्या माणसाला सांगा की हे माझ्या घरचं आहे!"

साडू जेवणाच्या टेबलावर खुलासा लिहीत होते. सातवं पान चालू होतं. मी वाकून वाचलं. पहिलंच वाक्य होतं, 'सदर नोंदी खऱ्या आहेत.'

"अहो, हे काय लिहिताय?" मी म्हणालो. "बाकीचे वहीत लिहीतच नाहीत, हे सांगा की साहेबांना!"

"मला माझ्याबद्दल विचारलंय. दुसऱ्याच्या हालचाली माझ्या अखत्यारीत नाहीत."

"आणि चिऊ कुणाच्या अखत्यारीत आहे?" आतून मेहुणी म्हणाली.

साडूंनी खुलासा बाजूला सारला. एक कोरा कागद घेतला, त्यावर चार ओळी लिहिल्या आणि तो माझ्यापुढे सरकवला. "सही करा, साडूभाऊ."

"काय आहे?"

"अधिकारपत्र. उद्या तुमची पाळी आहे. तुमच्या वतीनं मी जातो."

गुरुवारी मी साडेतीनला धावत पोहोचलो. खिडकीच्या आत स्वेटर होता आणि बाहेर, फलकाखालच्या बाकड्यावर, गुडघ्यांवर प्लास्टिकची पिशवी धरून, आमचे साडू बसले होते. त्यांनी अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाकली होती. सकाळी खुलासा दिला, रजेचा अर्ज मंजूर करून घेतला, कचेरीतून बाहेर पडले, फाटकापर्यंत गेले आणि नागरिक म्हणून परत आले. यंत्रातून टोकन घेतलं. एक्केचाळीस.

त्यांच्या शेजारी बारवी धरणाच्या बाजूच्या एका वाडीवरची बाई बसली होती, मांडीवर पोर. पोर इथल्याच दवाखान्यात झालेलं, आता अंगणवाडीत दाखला मागत होते.

"तुमची कितवी खेप?" तिनं साडूंना विचारलं.

"पहिलीच."

"मंग बसा निवांत. पयल्या खेपेला नाय व्हत." तिनं पोराला दुसऱ्या मांडीवर घेतलं. "माजी पाचवी हाय. थोरल्या पोराच्या येळंला एक काका व्हते हितं, कडक. पन कागद घ्यायचे. लिहाया येत नसंल त सोता लिहायचे. कुटं गेले काय म्हाईत."

साडूंनी घसा साफ केला. "बदली झाली त्यांची," ते म्हणाले. "तुमचा अर्ज कधीचा आहे?" तिनं कागद दाखवला. तो आमच्या अर्जाच्या महिनाभर आधीचा होता, स्वेटरवाल्यांच्या आधीच्या टेबलावर अडकलेला, आणि तिचं टोकन बेचाळीस. आता पुढे काय होणार ते मी ओळखलं. "साडूभाऊ," मी दबक्या आवाजात म्हणालो, "खिडकी पाचला बंद होते." पण तोवर त्यांनी तिच्याशी टोकन बदललं होतं. "आधीचा कागद आधी," ते म्हणाले.

साडेचारला स्वेटरवाले चहा संपवून आले आणि समोर बघून गडबडले. "अहो काका! तिथं काय बसलाय? आत या, आत! द्या इकडं तुमचं."

"आत येता येत नाही. मी रजेवर आहे. तुम्ही नंबरानं घ्या."

सगळं बाकडं हसलं. तो आवाज ऐकून नवे साहेब केबिनबाहेर आले. "तुम्ही? इथे?"

साडू उठून उभे राहिले. "आज मी कर्मचारी नाही, साहेब. नागरिक आहे." आणि आवाजात कसलाही खवचटपणा न आणता, खरोखर माहिती म्हणून त्यांनी फलकाकडे बोट दाखवलं.

साहेब फलकाकडे बघत राहिले. मग बाकड्याकडे, मग स्वेटरकडे. आत गेले नाहीत. खिडकीशी हाताची घडी घालून उभे राहिले, आणि स्वेटरवाल्यांच्या बोटांत जे वारं शिरलं ते मी कारखान्यातल्या एकाही यंत्रात पाहिलेलं नाही. चाळीस संपला. एक्केचाळीसला ती बाई गेली. तिची नोंद सापडायला दहा मिनिटं लागली, त्या दहा मिनिटांत मी घड्याळाकडे चाळीस वेळा तरी पाहिलं असेल. तिला कागद मिळाला तेव्हा पाचाला सात मिनिटं कमी होती. पाचाला तीन कमी असताना आमचा दाखला छापून आला. साहेबांनी तिथेच उभ्या उभ्या सही केली. मी हात पुढे केला तर साडूंनी तो मागे सारला, दाखला खिडकीच्या उजेडात धरला, एकेक अक्षर वाचलं आणि परत आत दिला.

"शिक्का पुसट आहे. पुन्हा मारा."

शुक्रवारी सकाळी दाखला शाळेत पोहोचला. चिऊ खेळायला गेली. पहिल्याच सामन्यात लवकर बाद झाली ती गोष्ट वेगळी, साडूंनी तिला विचारलं, "कितव्या मिनिटाला?" आणि तिनं सांगितलेलं त्यांनी लिहून घेतलं.

साडूंची नोटीस साहेबांनी दप्तरी दाखल करून टाकली, म्हणजे मिटवली. पण निघालेला बदलीचा हुकूम मागे घ्यायची तिथे रीत नाही, त्यामुळे साडू अभिलेख कक्षातच राहिले. साहेबांनी सगळ्यांना हालचाल नोंदवही सक्तीची केली. सगळ्यांनी उत्साहानं तीन दिवस लिहिलं. चौथ्या दिवशी वही गहाळ झाली.

त्या गुरुवारी कचेरीतून निघून ते माझ्याबरोबर अंबरनाथला आमच्या घरी आले होते. निमानं वड्या गरम करून पुढे ठेवल्या. एरवी ते मोजून चार खातात; त्या दिवशी एकही उचलली नाही. म्हणाले, "साडूभाऊ, एकतीस वर्षं आत बसलो मी. खिडकी बाहेरून इतकी उंच असेल असं वाटलं नव्हतं हो. त्या बाईला टाचा वर कराव्या लागत होत्या. पाच खेपा." मग स्वतःशीच, "आणि मी वाकून का नाही बघितलं कधी?"

पुढच्या आठवड्यात त्यांनी टिपणी सादर केली. खिडकी नऊ इंचांनी खाली घेण्याबाबत. सोबत मोजमाप, नकाशा आणि तीन सुतारांची दरपत्रकं. ती फाइल आता एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरते आहे, आणि साडू रोज पावणेदहाला पाच मिनिटं कमी असताना येऊन आधी ती कुठे आहे ते बघून घेतात. मार्चअखेर ते निवृत्त होतायत. मी मागच्या रविवारी विचारलं, "झालं का खिडकीचं?" तर म्हणाले, "विचाराधीन आहे. बांधकामाकडे गेलीय." मग चष्मा पुसत, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "एप्रिलपासून मात्र विचारायला टोकन घ्यावं लागेल."